काट्यांपुरता उजेड

गाडीला दिवे पुष्कळ असतात आणि त्यातले जवळजवळ सगळे बाहेर बघतात. हेडलाईट रस्त्यासाठी. मागचे लाल दिवे मागून येणाऱ्यासाठी. इंडिकेटर शेजारून जाणाऱ्याला आपला बेत कळावा म्हणून. छताचा दिवा आत असतो खरा, पण तो गाडी थांबल्यावर लावायचा, सीटखाली पडलेली किल्ली शोधायला. उरतात ते मीटरचे दिवे. त्यांचा उजेड रस्त्यावर पडत नाही, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नाही, आणि बाहेर उभं राहून गाडी बघणाऱ्याला ते आहेत याचा पत्ताही नसतो. पाणी किती तापलंय, टाकीत किती उरलंय, चाकं किती वेगानं पळताहेत, एवढं चालवणाऱ्याच्या कानी घालायचं आणि गप्प राहायचं, हे त्यांचं काम. गाडीच्या सगळ्या दिव्यांत माझा जीव यांच्यावर आहे.

माझी गाडी १९९६ सालची मारुती ८००. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाची. या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून ग्राहकाला मिळाली, आणि २०१४च्या जानेवारीत गुडगावच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, बँकेतल्या कारकुनांच्या दारात पहिल्यांदा चार चाकं उभी राहिली ती हिच्याच रूपानं. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, मग दर पाच वर्षांनी तेच. तरी मी ती ठेवली आहे. बॉनेट उघडलं की कुठली नळी कुठून निघून कुठे जाते ते दिसतं, आणि जे दिसतं ते कळतं, हे माझं कारण. ते मला पुरतं.

तिच्या मीटरचा उजेड एकाएकी गेला नाही. आधी उजवी कड मळकट झाली. मग काही रात्री असं व्हायचं, की चाक खड्ड्यात गेलं की उजेड यायचा आणि पुढच्या खड्ड्याला जायचा. शेवटी उजवी बाजू काळी पडली ती पडलीच. आणि माझ्या गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा नेमका त्या बाजूला.

गावात याचं काही अडत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचा एवढा उजेड आत येतो, की मीटरचे दिवे आहेत की गेलेत याची दादही नसते. पण माझी आई चिपळूणला आणि मी कराडला, त्यामुळे कुंभार्ली घाट माझ्या पायाखालचा. चिपळूणहून निघालं की शिरगाव, पोफळी, आणि मग वळणं वर चढायला लागतात. एवढ्याशा इंजिनाला तो चढ सोपा नाही. दुसरा गिअर, आणि पुढे एखादा भरलेला ट्रक असला तर पहिला. अशा वेळी वेगाच्या काट्याकडे कुणी बघत नाही, वेग कानांना कळतो. बघायचं ते तापमानाच्या काट्याकडे. मध्यावर आहे का, मध्याच्या वर सरकला का, इथेच थांबावं की हेळवाकपर्यंत निघेल. या डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी बोगद्यांनी खाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरतं. सगळे टप्पे धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. त्याच डोंगराच्या अंगावरून एका रात्री मी चढत होते आणि माझ्याजवळ एक सव्वा वॅटचा दिवा नव्हता.

शेजारी भाचा होता. "मावशी, थांब, मी दाखवतो," म्हणून त्यानं मोबाईलचा टॉर्च काट्यावर धरला. काटा लख्ख दिसला. समोरचं वळण मात्र नाहीसं झालं. दगडी कठडा, त्यावरचे पांढरे पट्टे, पलीकडची झाडं, सगळं एका काळ्या पडद्याआड गेलं.

"बंद कर. आधी बंद कर तो."

त्यानं बंद केला, तरी वळण परत दिसायला वेळ लागला.

अंधारात बघण्याची ताकद डोळा हळूहळू कमावतो. दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात. रंग ओळखणं, बारीक अक्षर वाचणं त्यांच्याकडे. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडातल्या, त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी थोडा उजेडही त्यांना पुरतो. उजेडातून अंधारात गेल्यावर शंकूपेशी आठ-दहा मिनिटांत सरावतात. दंडपेशींना वीस-तीस मिनिटं लागतात, कारण त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडानं विटतं आणि ते पुन्हा तयार व्हायला तेवढा अवधी जातो. हेडलाईट लावून गाडी चालवणाऱ्याला पूर्ण अंधाराची नजर कधीच लाभत नाही. तो दोन्ही तऱ्हांच्या मधल्या उंबरठ्यावर असतो, थोडं हिचं, थोडं तिचं घेऊन. म्हणूनच त्याची नजर चटकन मोडते. ती मोडायला बाहेरचा अप्पर मारणारा ट्रकच लागतो असं नाही, आपल्या पुढ्यातला, आपल्याच सोयीचा दिवाही पुरतो.

या मधल्या उंबरठ्याची एक गोष्ट १८२५मध्ये यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञानं नोंदवली. दिवसा भडक दिसणारी लाल फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि निळा रंग त्या मानानं उजळ वाटतो. उजेड कमी होत जातो तशी नजर निळ्या-हिरव्याकडे कलते. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून लाल उजेडानं त्यांची कमाई बुडत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या आणि पाणबुड्यांच्या आत लाल दिवे आले ते याच कारणानं. पुढे त्यातली अडचणही कळली. लाल उजेडात नकाशावरच्या लाल खुणा दिसेनाशा होतात. मग विमानांत पुन्हा पांढरा उजेड आला, पण अगदी मंद केलेला. मोटारींतही घराणी पडली. जर्मन गाड्यांत बरीच वर्षं लाल आणि नारिंगी काटे होते. जपानी वळणाच्या गाड्यांत हिरवा उजेड होता, कारण कमीत कमी उजेडात डोळ्याला जास्तीत जास्त दिसतं ते त्या रंगात. माझी गाडी या दुसऱ्या घराण्याची. स्वीडनच्या साब कंपनीनं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. रात्री एक बटण दाबलं की वेगाचा काटा सोडून बाकी सगळ्या तबकड्या अंधारात जायच्या. पेट्रोल संपत आलं, पाणी तापलं, तरच त्या त्या काट्यामागचा दिवा आपण होऊन लागायचा. साबचा जन्म विमानं बांधणारी कंपनी म्हणून झालेला, आणि त्यांच्या देशात हिवाळ्यातली रात्र लांबलचक. चालवणाऱ्याला अंधार परत मिळवून देण्यासाठी कुणीतरी बटण बसवलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

कराडला कोल्हापूर नाक्याच्या पुढे एक वायरमन आहेत. आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. त्यांच्या दुकानात ट्रॅक्टर येतात, उसाच्या ट्रॉल्यांचे दिवे येतात, जुन्या जीप येतात. मी गाडी उभी केली तेव्हा ते एका डायनॅमोला तांब्याची तार गुंडाळत होते. मीटरचे दिवे म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम संपवलं आणि मगच उठले.

"मीटर खोलायला लागंल, ताई. आन् खोललाच तर सगळेच बदलू. एक गेला म्हंजी बाकीचे बी त्याच वयाचे."

त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग मीटरभोवतीच्या काळ्या चौकटीचे स्क्रू, मग मीटरचे. निघाले त्याच क्रमानं ते त्यांनी चहाच्या बशीच्या कडेनं मांडले. मीटर जरासा पुढे ओढून त्यांनी मागे हात घातला, मान छताकडे वळवली, डोळे मिटले. तिथे डोळ्यांचं काम नव्हतंच. खट् असा आवाज झाला आणि स्पीडोमीटरची केबल सुटली. मग कपलर. मग सगळा मीटर बापूंच्या दोन हातांत आला आणि त्यांनी तो टेबलावरच्या गोणपाटावर पालथा ठेवला.

इतकी वर्षं ज्याचं तोंड बघत गाडी चालवली त्याची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मळकट पांढरं प्लास्टिक, आणि त्यावर चिकटलेली एक पातळ, लवचीक, पारदर्शक पट्टी. पट्टीत तांब्याच्या वाटा. रुंद, अरुंद, वळणं घेत जाणाऱ्या, कुठेच एकमेकींना न ओलांडणाऱ्या. त्या वाटांच्या अधेमधे काळे गोल होल्डर. होल्डर पाव फेरा फिरवला की सुटतो आणि त्याच्या टोकाला बसलेला बल्ब बाहेर येतो. बल्बवर हिरव्या रबराची टोपी. म्हणजे माझ्या मीटरचा हिरवा उजेड हा मुळात साधा पिवळाच, टोपी घातलेला. टोप्या इतक्या पातळ, की बापूंनी त्या नखानं न ओढता बोटांच्या पेरांत धरून, फिरवत फिरवत काढल्या. नव्या टोप्या मिळत नाहीत. फाटल्या की रंग गेला.

गेलेला बल्ब त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. पाच मिलिमीटर जाडीचा, भुईमुगाच्या बारक्या दाण्याएवढा जीव. काच आतून करडी झालेली, वरच्या बाजूला जवळजवळ काळी. आत दोन आधारतारा, आणि त्यांच्यामध्ये जी तार ताणलेली असायला हवी ती अर्ध्यावर तुटलेली. तुटलेल्या टोकाला वितळून झालेला अगदी बारीक मणी. भिंगाखाली तो चकाकत होता.

हे मरण कसं येतं ते सांगण्याजोगं आहे. तार टंगस्टनची. सगळ्या धातूंत वितळायला सर्वांत अवघड असा हा धातू, ३,४२२ अंश सेल्सियसला वितळणारा. तरीही तापलेल्या तारेतून तो कणाकणानं उडत राहतो आणि काचेवर जाऊन बसतो. काचेचा काळा रंग म्हणजे तारेचंच उडालेलं अंग. तार सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे किंचित बारीक होते तिथे जास्त तापते, जास्त तापते म्हणून तिथेच जास्त झिजते. शिवाय थंड तारेचा विजेला होणारा विरोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहावा हिस्सा असतो, त्यामुळे दिवा लावण्याच्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो. बल्ब बहुधा पेटतानाच का जातात याचं उत्तर तिथे आहे. आणि व्होल्टचा हिशोब तर फार कडक. गाडी बारा व्होल्टची म्हणायची, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदाच्या आसपास देतो. दाब थोडा वाढला की उजेड थोडा वाढतो, पण आयुष्य त्याच्या कितीतरी पटीनं घटतं. अल्टरनेटरचा कटआऊट बिघडून दाब पंधरावर गेला तर मीटरचे बल्ब एकामागून एक जातात.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथल्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१पासून जळतो आहे. त्याची तार कार्बनची आहे, आणि आज तो साधारण चार वॅटच्या मानानं, मंद तांबूस जळतो. त्याच्या दीर्घायुष्याचं गुपित दोन गोष्टींत आहे. तो फार तापत नाही आणि त्याला जवळजवळ कधीच विझवलेलं नाही. गाडीच्या मीटरमधल्या बल्बच्या नशिबी हे सुख कुठलं? त्याला रोज संध्याकाळी थंड अंगानं पेटायचं असतं, आणि वर आपले रस्ते.

उजव्या बाजूचा दुसरा बल्ब मात्र धडधाकट निघाला. खड्ड्यागणिक येणारा-जाणारा तो हाच. बापूंनी होल्डरच्या पितळी पायांकडे बोट केलं. तांबं आणि पितळ जिथे एकमेकांना टेकतात तिथे काळपट थर धरला होता. "कार्बन," ते म्हणाले. तो काढायला त्यांनी पॉलिश पेपर घेतला नाही. खणातून शाळेतलं खोडरबर काढलं. पट्टीवरचं तांबं कागदाहून पातळ, पॉलिश पेपरनं कार्बनबरोबर वाटही जाते. खोडरबरानं त्यांनी एकेक जागा हलक्या हातानं पुसली, तांबं तांबूस दिसायला लागलं, मग चिमट्यानं होल्डरचे पाय अगदी थोडे वर उचलले, पुन्हा घट्ट टेकावेत म्हणून. पॉलिश पेपर वापरला तो शेवटी, मीटरची अर्थिंगची तार जिथे बॉडीला बसते त्या जागी. हेडलाईट लावले की माझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा थोडा हलायचा, ते मी त्यांना सांगितलं होतं. दिव्यांना आणि काट्यांना परतीची वाट एकच, ती अडली की दिव्यांचा प्रवाह काट्यांच्या हिशोबात घुसतो. माणसं म्हणतात मीटर खोटं बोलतो. मीटर बिचारा मिळेल त्या वाटेनं जे पोचेल तेच दाखवतो.

बापू अर्थिंगकडे वळले तेवढ्यात मी स्पीडोमीटरची मागची बाजू न्याहाळली. केबल जिथे अडकते तो चौकोनी खळगा. आत एक चुंबक केबलीबरोबर फिरतं, त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा, काट्याला केसासारखी स्प्रिंग. चुंबक वाटीला कुठेही शिवत नाही. त्याच्या फिरण्यानं वाटीच्या धातूत प्रवाह उठतात आणि ते प्रवाह वाटीला चुंबकामागे ओढतात. स्प्रिंग अडवते. ओढ आणि अडवणूक जिथे बरोबरीची होते तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्त्से या जर्मन माणसानं १९०२मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि नव्वद-शंभर वर्षं जगातल्या बहुतेक गाड्यांनी आपला वेग याच युक्तीनं जाणला. बॅटरीचा यात काडीइतका संबंध नाही. गाडीची सगळी वीज गेली तरी हा काटा खरंच सांगेल. फक्त रात्री ते कुणाला दिसणार नाही.

आता प्रश्न बल्ब कुठले घालायचे हा. बापूंच्या खणात एलईडीच्या पाकिटांची रास होती. पांढरे, निळे, जांभळेसुद्धा. "पोरं निळा मागत्यात," ते म्हणाले, "पांढरा बी छान पडतो. वीज खात न्हाई, तापत न्हाई, गाडी मोडीत निघंल तवर जायचा न्हाई." यातलं सगळं खरं आहे. निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते उगीच नाही, त्या निळ्यातूनच आजचा घराघरातला पांढरा उजेड निघाला. नव्या गाड्यांचे मीटर एलईडीसाठीच घडवलेले असतात आणि त्यांत तो शोभतो.

पण हा मीटर त्याच्यासाठी घडवलेला नाही. तारेचा बल्ब चहूबाजूंना उजेड टाकतो. मीटरच्या पेटीच्या आतल्या भिंती पांढऱ्या ठेवलेल्या आहेत त्या तो चहूकडचा उजेड झेलून, पसरवून, तबकडीवर सारखा आणण्यासाठी. एलईडीचा झोत बहुतेक समोर जातो. त्यामुळे तबकडीवर दिव्यासमोर लख्ख ठिपका पडतो आणि कडेचे आकडे अंधारात राहतात. शिवाय अंधुक उजेडात नजर निळ्याकडे कलते हे पुर्किन्येनं सांगून ठेवलेलं. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा वाटा मोठा, म्हणून दुपारी दुकानात सौम्य वाटलेला तोच दिवा रात्री घाटात डोळ्यांत घुसतो. मी नव्या मोठ्या पडद्यांच्या गाड्यांत रात्री बसले आहे. पडदा सुंदर असतो, त्यावर नकाशा असतो, गाण्याचं नाव असतं, आणि काचेपलीकडे नुसता काळा पुठ्ठा. एवढा मोठा उजेड माणसाच्या हाताच्या अंतरावर ठेवून त्याला रात्रीचा रस्ता बघायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या कुणी माझ्या गाडीचा मीटर आखला त्यानं सव्वा वॅट ठरवले, वर हिरवी टोपी घातली. उजेड जेवढ्यास तेवढा राहावा, काटा कळावा आणि डोळा पुन्हा बाहेर जायला मोकळा राहावा, असा तो हिशोब होता. मला तो पटतो आणि मला तोच हवा होता.

पुण्याला नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून मी बल्ब आणून ठेवले होते. बारा व्होल्ट, १.२ वॅट, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातले. बापूंनी एकेक बल्ब बॅटरीला लावून पेटवून बघितला, फडक्यानं पुसला, टोपी चढवली, होल्डरात बसवला, पाव फेरा. डावीकडचे दोन अजून चालू होते, तेही त्यांनी बदलले. जुना करडा आणि नवा स्वच्छ बल्ब शेजारी ठेवले तर तबकडी एका कडेला आजारी दिसते, असं त्यांचं म्हणणं. मीटर पक्का बसवण्याआधी त्यांनी कपलर लावला, बॅटरीची तार जोडली, दुकानाचं शटर खाली ओढलं, भर दुपारी रात्र करून घेतली, आणि मला आत बसायला सांगितलं. डावीकडून उजवीकडे सगळे आकडे सारखे दिसत होते. तापमानाच्या काट्याखालची दोन अक्षरं, थंड आणि गरम सांगणारी, कितीतरी महिन्यांनी पुन्हा वाचता आली. मी ती वाचत बसले. बापूंनीही घाई केली नाही.

एका दिव्याबद्दल मात्र त्यांनी मला बजावून सांगितलं. बॅटरीचं चित्र असलेला छोटा लाल दिवा. तिथे एलईडी कधीही घालू द्यायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा नुसता सूचना देणारा दिवा नसतो. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज याच बल्बच्या तारेतून अल्टरनेटरच्या गुंडाळीत जाते आणि त्या थोड्याशा विजेनं अल्टरनेटर जागा होतो. बल्ब उडाला किंवा तिथे वीज न खाणारा दिवा बसला, तर इंजिन चालू होऊनही तो कधीकधी झोपलेलाच राहतो. म्हणजे मीटरमधला हा एक दिवा बघण्याच्या कामाचा आहे आणि गाडी चालण्याच्याही. आणि तो विझतो ते त्याला कुणी बंद केल्यामुळे नव्हे. अल्टरनेटर वीज करायला लागला की बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो. दोन्हीकडून सारखं झालं की तारेतून काही वाहत नाही. मला ही रचना फार आवडली. बापूंनी ती सांगितल्यावर मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावली.

त्यांनी शटर वर केलं, मीटर पक्का केला. मी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन धरलं, दिवा गेला. बापूंनी बॉनेट उघडून बॅटरीवर व्होल्ट मोजायचा मीटर लावला. चौदा पूर्णांक एक. मग त्यांनी मला खाली बोलावलं आणि अल्टरनेटरचा काळा पट्टा बोटानं दाबून दाखवला.

"घाटात जाता म्हून सांगतो, ताई. ह्यो एकच पट्टा अल्टरनेटरबी फिरवतो आन् पाण्याचा पंपबी. तुटला तर लाल दिवा आधी लागंल, तापमानाचा काटा मागनं चढंल. मधी थोडाच वेळ मिळतो. दिवा लागला की तिथंच बाजूला घ्यायची, पुढचं वळण काढू म्हणायचं न्हाई."

मी विचारलं, रात्री पट्टा तुटला तर करायचं काय.

"एक जादाचा घेऊन ठेवा, मी दाखवतो कसा चढवायचा. बारा नंबरचा पाना हाय का गाडीत?"

होता. त्यांनी पट्टा सैल केला, काढला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या. आता तुमी बसवा."